धाकटीने बसवलेले फोन

थोरलीचा धंदा पडद्यांचा. लोकांच्या खिडक्या मोजायच्या, कापड आणायचं, पुढच्या खोलीत मशिनवर शिवायचं आणि मग स्वतःच शिडीवर चढून, भिंतीला भोकं पाडून पडदे लावून द्यायचे. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. सकाळी बाहेर पडायचा आणि कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लटकून दिवस काढायचा. म्हणजे दिवसभर घरात दोघीच. पुढच्या खोलीत थोरली आणि तिचं मशीन, आतल्या खोलीत सासूबाई आणि त्यांचे गुडघे.

सासूबाईंनी उभा जन्म एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढला होता. जाड वायरींचे प्लग इकडून काढून तिकडे खोचायचे आणि डॉक्टरला नर्सशी, नर्सला भांडारवाल्याशी जोडून द्यायचं. गल्लीत अजूनही जुनी माणसं त्यांना 'हॅलोबाई' म्हणत. गुडघे गेल्यापासून मात्र त्या खाटेवर आणि खाटेशेजारच्या खुर्चीत, एवढ्याच प्रदेशावर राज्य करत होत्या. मोबाइल त्यांना आवडायचा नाही. "ती गुळगुळीत पाटी कानाला लावायची की गालाला, तेच कळत नाही," म्हणायच्या. काही हवं असलं की भिंतीवर काठी आपटायच्या. दोनदा आपटली की चहा, नुसतीच आपटत राहिली की संडासला जायचंय. थोरली मशीन थांबवून उठायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांना 'अहो आई, तुम्ही' म्हणत आली होती. दुसरं काही म्हण, असं कुणी तिला सुचवलं नाही आणि तिलाही कधी सुचलं नाही.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे दिराची बायको. दीर मालवाहू बोटीवर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. धाकटी दुसऱ्या शहरात एका कंपनीच्या कॉम्प्युटरच्या जाळ्याचं काम घरून बघायची. सुट्टी काढून ती राहायला आली आणि उंबरा ओलांडता ओलांडताच ओरडली, "ए आई, किती वाळलीस गं तू!"

थोरलीच्या हातातली कात्री कापडावर तशीच थांबली. ए आई. वाळलीस. तू. आता सासूबाई काय सुनावतात ते ऐकायला तिने कान टवकारले. तर आतून हसण्याचा आवाज आला. "चिमणे, आलीस का गं? बस इथे. आधी बस."

चिमणे! म्हणतात ना, कानामागून आली आणि तिखट झाली, ते हेच. थोरलीला इतक्या वर्षांत 'अगं' शिवाय दुसरं नाव मिळालं नव्हतं.

काठीची आपटाआपटी धाकटीने पहिल्याच दिवशी ऐकली. "वहिनी, हे काय? तुम्ही प्रत्येक वेळी मशीन सोडून उठता? थांबा, मी या घरात फोन बसवते."

"फोन आहेत की. माझा आहे, यांचा आहे."

"तसले नाही. खरे फोन. वायरवाले, बटणांचे, रिसीव्हरचे. आईच्या खोलीत एक, तुमच्या मशिनपाशी एक, वरच्या खोलीत एक. तुमच्या इंटरनेटवरच चालतील. आणि एक मी माझ्या घरी ठेवीन. आईने दोन आकडे दाबले की तुम्ही, दुसरे दोन दाबले की मी."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की थोरलीला तो बघवेना. ऊन तोंडावर आल्याचं निमित्त करून तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

फोन बसवण्याचं काम मात्र दोघींनी मिळून केलं, कारण भिंतीला भोक कसं पाडायचं हे धाकटीला ठाऊक नव्हतं. वायर दाराच्या चौकटीवरून कशी फिरवायची, खिळा कुठे टिकेल आणि कुठे भुगा पडेल, हे थोरलीचं राज्य. धाकटी खाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. राउटर होता पुढच्या खोलीतल्या कपाटावर. त्याच्या शेजारी धाकटीने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी ठेवली. "हे आपलं एक्सचेंज," ती म्हणाली.

"एवढंसं?" सासूबाई आतून ओरडल्या. "आमचं भिंतभर होतं!"

घरातल्या घरात फोन लगेच लागले. आतल्या खोलीतून वरच्या खोलीत, वरून मशिनपाशी. सासूबाई रिसीव्हर उचलून, आवाज बदलून, "नमस्कार, कोण हवंय आपल्याला?" असं म्हणत आणि स्वतःच खूश होत. अडलं ते बाहेरच्या फोनाशी. धाकटीने एक फोन आपल्या शहरातल्या मैत्रिणीकडे मागवून लावून घेतला होता, चाचणीसाठी. तिकडे घंटा वाजायची, मैत्रीण उचलायची, तिला इकडचं सगळं ऐकू जायचं. पण तिचा आवाज इकडे यायचा नाही.

"असं कसं?" थोरलीने शिडीवरून विचारलं. तिला खरंच कुतूहल वाटलं होतं. हाताने काम करणाऱ्या माणसाला बिघाडाचं कुतूहल असतंच.

धाकटीने लॅपटॉप बाजूला ठेवला. "बघा हं वहिनी. राउटर म्हणजे दारावरचा माणूस. बाहेरच्या जगाला फक्त आपल्या घराचा पत्ता माहीत. आत किती खोल्या, कोणत्या खोलीत कोण, ते फक्त या दारावरच्या माणसाला माहीत. आता आईचा फोन बाहेर निरोप पाठवतो, 'आतल्या खोलीत उत्तर पाठवा.' बाहेरच्याला काय कळणार, कोणती आतली खोली? आतल्या खोल्या घरोघरी आहेत. म्हणून उत्तर वाटेतच हरवतं."

"मग?"

"मग आपल्या एक्सचेंजला सांगायचं, की बाबा, बाहेर पत्ता देताना घराचा दे. आणि दारावरच्या माणसाला सांगायचं, की आवाज या या दारांनी येईल, तो सरळ डबीकडे सोड."

तेही केलं. तरी आवाज येईना. धाकटीने कपाळाला हात लावला, मग राउटरची पानं एकेक करून उघडली आणि एका ठिकाणी थबकली. "हा बघा चोर. या राउटरात एक स्विच आहे, फोनाला मदत करणारा. आम्ही नीट पत्ता लिहून देतो आणि हा शहाणा मध्येच तो खोडून आपला लिहितो. मदतीची भारी हौस. बंद करते याला."

तिने बंद केला आणि दुसऱ्या टोकाची मैत्रीण सासूबाईंच्या कानात स्वच्छ बोलली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने उठून त्यांना मिठी मारली. शिडीवर उभ्या असलेल्या थोरलीच्या केसांत भिंतीची धूळ होती, तोंडात दोन खिळे होते. ते काढून काही बोलेपर्यंत मिठी आटोपलीही होती.

जाताना धाकटीने तिला राउटरचा पासवर्ड सांगितला. "बाहेरून याच्यात शिरायची वाट मी मुद्दाम बंद ठेवली आहे, चोरीमारीचं भय असतं. काही अडलं तर तुम्हालाच आतून बघावं लागेल. फक्त त्या मदतवाल्या स्विचला हात लावू नका म्हणजे झालं."

ती गेली. दुसऱ्याच दिवसापासून दुपारचं बोलणं सुरू झालं.

धाकटीची जेवणाची सुट्टी झाली की आतल्या खोलीत घंटी वाजायची. मग तास-तासभर गप्पा. भिंत पातळ. मशीन चालू असलं तर काही ऐकू यायचं नाही, पण थोरली हळूहळू त्या वेळेला मशीन बंद ठेवायला लागली. काजं करायची, टाके उसवायची, बिनआवाजाची कामं काढायची. सासूबाई हसायच्या, तसं हसणं तिने या घरात कधी ऐकलं नव्हतं. इस्पितळातला तो चावट डॉक्टर, चुकून भलत्याच वॉर्डात जोडलेला फोन, रात्रपाळीला झोप लागू नये म्हणून दोघी ऑपरेटर एकमेकींना सांगत त्या भुताच्या गोष्टी. यातलं एक अक्षर त्यांनी थोरलीला कधी सांगितलं नव्हतं. तिच्याशी बोलणं म्हणजे चहा, गोळ्या, पंखा कमी कर, पंखा वाढव.

काठी गेली होती. आता सासूबाईंना काही हवं असलं की मशिनपाशचा फोन वाजायचा. पण थोरली तो उचलायची नाही. वाजला की उठून आत जायची. "अगं, उचल की, म्हणून तर बसवलाय," सासूबाई म्हणायच्या. "इथेच तर आहे मी," थोरली म्हणायची. धाकटीच्या फोनाला आपण कान लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण ठरवलं होतं.

एकदा तिने नवऱ्यापाशी विषय काढला. "आई तिच्याशी केवढं बोलतात."

"चांगलंय ना. तेवढाच तुला आराम."

"मी काय आराम मागितला होता?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि लिफ्ट अडकल्यावर आतल्या माणसांशी बोलतात तशा समजुतीच्या आवाजात म्हणाला, "तूही बोल की आईशी. तुला कुणी धरलंय?"

सांगणं सोपं. दुसऱ्या दिवशी चहा देताना ती मुद्दाम खाटेवर टेकली. "अहो आई, तुमच्या इस्पितळात म्हणे एक डॉक्टर होते…"

"तुला कुणी सांगितलं?"

"ऐकू आलं."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला. "साखर कमी पडली का गं आज?"

झालं, संपला संवाद. थोरली कप घेऊन बाहेर आली, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. जिने धुवायचं, पुसायचं, उठवायचं, बसवायचं, तिच्या वाट्याला साखर. आणि जिने दोन वायरी जोडल्या, तिच्या वाट्याला डॉक्टर.

त्याच दुपारी आतून शब्द आले, "चिमणे, तू जवळ असतीस तर किती बरं झालं असतं गं."

थोरली उठली. तिने मोबाइलवर राउटरचं पान उघडलं, पासवर्ड घातला, धाकटीने दाखवलेल्या त्या जागी गेली. स्विच बंद होता. तिने तो चालू केला. बस, एवढंच. भिंत पडली नाही की आवाज झाला नाही. उद्यापुरतं, ती स्वतःला म्हणाली. एक दिवस तरी या घरात शांतता असू दे.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. "हॅलो? हॅलो चिमणे? हॅलो?" सासूबाई बराच वेळ हॅलो म्हणत राहिल्या आणि मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. थोरलीने मशीन सुरू केलं. पाय हलका पडत होता, शिवण सरळ येत होती. तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

लगेच तिच्या मोबाइलवर धाकटी. "वहिनी, आईचा आवाज मला येतोय, माझा तिकडे जात नाहीये. राउटरला कुणी हात लावला का?"

"नाही गं. कोण लावणार?"

"तुम्ही बघता का जरा? आणि आईला देता का फोन? घाबरली असेल."

"झोपल्यात आत्ता," थोरली म्हणाली. आतून सासूबाई खोकल्या. थोरलीने फोनवर हात धरला.

एका दिवसापुरतं म्हणून केलेलं दुसऱ्या दिवशी तसंच राहिलं, तिसऱ्याही दिवशी राहिलं. उद्या करते, आज गिऱ्हाईक आहे, बघितलं पण कळत नाहीये, असं ती धाकटीला सांगत राहिली. फोन द्या म्हटलं की आई झोपलेल्या असायच्या, नाहीतर आंघोळीला गेलेल्या.

गंमत अशी की सासूबाईंनी तक्रारच केली नाही. "फोन बिघडलाय, बघ जरा," एवढं त्या म्हणाल्या असत्या तर थोरलीने बहुधा त्याच क्षणी स्विच फिरवला असता. पण त्या काही बोलल्या नाहीत. टीव्हीचा आवाज मात्र वाढवायला लागल्या. मग कमी करायच्या. मग पुन्हा वाढवायच्या. एकदा थोरली आत गेली तेव्हा त्या टेबलावरचं गजराचं घड्याळ आधी एका कानाशी धरून बसल्या होत्या, मग दुसऱ्या. "बंद पडलंय का?" तिने विचारलं. "नाही, चालतंय," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि घड्याळ ठेवून दिलं.

दुपारी घंटी वाजतच होती, कारण धाकटी रोज प्रयत्न करायची. आणि थोरलीच्या कानावर आता एक विचित्र गोष्ट पडायला लागली. सासूबाई हॅलो हॅलो करत नव्हत्या, चक्क बोलत होत्या. "हो का?… हं… हं… असं म्हणतेस?" आणि मध्येच हसायच्या. थोरलीला वाटलं, आवाज परत सुरू झाला की काय! तिने मोबाइल काढून पाहिलं. स्विच चालूच होता. मग या बोलतायत कुणाशी?

ती चहाचा कप घेऊन दाराशी गेली. सासूबाईंची पाठ होती. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता.

"चिमणे," त्या हळू आवाजात म्हणत होत्या, "खरं सांगू का, मला काही ऐकू येत नाहीये. कान गेला माझा. आमच्यातल्या सगळ्यांचा असाच गेला, रिसीव्हरचा कान आधी जातो. माझी मैत्रीण होती ना, ती भुताच्या गोष्टीवाली, तिचा तर नोकरीत असतानाच गेला. मला वाटलं होतं, मी सुटले. थोरलीला सांगू नकोस हं. तिचं आधीच माझ्या गुडघ्यांपायी कंबरडं मोडलंय, आता बोलायचं तेही ओरडून बोलावं लागलं तर ती काय म्हणेल? तू बोलत राहा. मी नुसती धरून बसते."

आणि त्या खरंच धरून बसल्या. रिसीव्हरमधून काही येत नव्हतं. दुसऱ्या टोकाला धाकटी किती ओरडत असेल, कुणास ठाऊक.

 थोरली मागच्या मागे फिरली. कप मशिनवर ठेवला, मोबाइल उघडला, घाईत पासवर्ड दोनदा चुकला. शेवटी स्विच बंद केला. आता उद्या घंटी वाजेल, सासूबाईंना आवाज येईल, लाईटचा घोटाळा होता म्हणू, झाकली मूठ राहील. तिने असा हिशोब मांडला.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली आणि वाजतच राहिली. थोरली आत गेली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. फोनवर त्यांनी आपला रुमाल टाकला होता.

"आई, फोन वाजतोय."

"वाजू दे. कंटाळा आलाय मला."

"अहो, उचला तरी. सुरू झाला असेल."

"फोनाला काय झालंय सुरू व्हायला? फोन चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या. घंटी थांबली. टीव्ही बंद होता, पंखा बंद होता, मशिनची घरघर नव्हती. थोरलीने खाटेच्या कडेला बूड टेकवलं. एवढी वर्षं ती या खाटेशी रोज उठबस करत आली होती, पण अशी बसली नव्हती.

"आई, तुमचा कान ठीक आहे."

"तुला काय माहीत माझ्या कानाचं?"

"मी बंद केला होता तिचा आवाज. राउटरमधून. तो स्विच असतो ना, तो मी चालू केला होता."

सासूबाई हळूहळू वळल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वळायला वेळ लागायचा. एरवी थोरली हात द्यायची. आज तिचा हात पुढे झाला नाही.

"का?"

"मला सहन होत नव्हतं."

"काय सहन होत नव्हतं?"

"तुम्ही तिच्याशी बोलता ते. हसता ते. ती तुम्हाला ए आई म्हणते, तुम्ही तिला चिमणे म्हणता. मी इथे असून तुम्ही तिला म्हणता, जवळ असतीस तर बरं झालं असतं. मग मी काय लांब आहे?"

 सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण तिथे पाणी नव्हतं.

"मी रोज सकाळी उठून आधी घड्याळ कानाला लावत होते," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस किती ऐकू येईल, ते बघायला. तू बघितलंस ना मला?"

"बघितलं."

"आणि गप्प राहिलीस?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं, तुम्ही कशासाठी… काल कळलं. कळल्याबरोबर मी तो बंद केला."

"जा," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर जा."

घरात पुढचे दिवस कसे गेले, ते विचारू नये. सासूबाईंनी थोरलीशी बोलणं टाकलं. चहा घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या, उठताना तिच्या खांद्यावर भार टाकायच्या, पण तोंडाला कुलूप. काही सांगायचं असलं की संध्याकाळी मुलाला सांगायच्या. तो बिचारा पुढच्या आणि आतल्या खोलीत येरझारा घालून दमला. "दिवसभर लोकांना वर-खाली करतो," तो म्हणाला, "आणि घरी येऊन तुम्हा दोघींना इकडे-तिकडे. काय झालंय ते तरी सांगाल का?" थोरलीने सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. जेवता जेवता म्हणाला, "आईला अंधाराची कधी भीती नव्हती. पण ऐकू न येण्याची तिला लहानपणापासून भीती होती. तिचे वडील बहिरे होते." थोरलीला हेही माहीत नव्हतं. धाकटीला माहीत असेल, हे मात्र तिच्या लगेच मनात आलं.

दुपारच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या होत्या. थोरलीने आता त्या वेळेला मशीन मुद्दाम जोरात चालवायला सुरुवात केली. तरी एकदा दोरा तुटला आणि त्या शांततेत तिला आतलं ऐकू आलं. "अगं, लाईट गेली होती, त्याने बिघडलं होतं म्हणे. थोरलीने केलं नीट. हो, तिला येतं ते." दोरा सुईत ओवायला तिला फार वेळ लागला. डोळेच नीट चालेनात. सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या, पण तिला उघडंही पाडत नव्हत्या. यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर एका सकाळी मशिनपाशचा फोन वाजला. सासूबाई तर मुलाबरोबर डॉक्टरकडे गुडघे दाखवायला गेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. थोरलीने त्या फोनाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच रिसीव्हर उचलला.

"वहिनी," धाकटी म्हणाली. आवाज इतका जवळून आला, की थोरली दचकली. "आई नाहीये ना आत्ता? मला तुमच्याशीच बोलायचंय. तो स्विच लाईट गेल्याने चालू होत नाही."

थोरलीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी याच कामाचा पगार घेते, वहिनी. आणि आई झोपलीय असं तुम्ही सांगत होतात ना, तेव्हा मागे तिचा खोकला ऐकू येत होता मला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलणार? तुम्ही मोठ्या. आणि कान गेल्याचं तुम्हाला सांगू नको, असं आईने बजावलं होतं." धाकटीचा आवाज चढला होता. "चार दिवस ती तिथे एकटी बोलत होती आणि मी इकडे घसा फोडत होते. दुसऱ्या फोनावर ऑफिसची माणसं वाट बघत होती, ती सोडून. तुम्हाला माझा एवढा राग होता, तर मला सांगायचंत. तिला कशाला?"

"राग नव्हता," थोरली म्हणाली. खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. "हेवा होता. अजून आहे."

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. थोरलीला वाटलं, पुन्हा बिघडलं.

"माझा?" धाकटी शेवटी म्हणाली. "माझ्यात हेवा करण्यासारखं काय आहे? वहिनी, हे बोटीवर गेले की माझ्या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. दिवसभर मी पडद्यावरची अक्षरं वाचते. आईचा फोन असतो तेवढाच माझ्या घरात माणसाचा आवाज असतो. तो फोन मी आईसाठी बसवला असं सगळ्यांना वाटतं. मला तर वाटायचं, तुमचं भरलेलं घर आहे, तुम्हाला काय कमी."

"भरलेल्या घरात माझ्याशी बोलतं कोण?" थोरली म्हणाली. "मला साखर कमी पडली ते कळतं आणि पंखा वाढवायचा ते कळतं."

धाकटी एकदम हसली. "साखरेचं मलाही कळतं. रोज. आई माझ्याशी निम्मा वेळ काय बोलते, माहितीये? तुमच्या तक्रारी. चहा फिका करते. पोळी वाढायच्या आधी विचारत नाही. फोन दिलाय तर उचलत नाही, उठून धावत येते, एक दिवस पडेल आणि मग माझं कोण करील."

"असं म्हणतात?"

"रोज. मला पाठ झालंय."

आपल्याबद्दल कुणी एवढ्या तक्रारी कराव्यात, एवढं आपल्यात काही आहे, हे थोरलीला नवीन होतं. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी ती ते एकेक घोळवत बसली. पोळी वाढायच्या आधी विचारत नाही. खरंच नव्हती विचारत.

"तरी तू चुकलीसच," थोरली मध्येच म्हणाली. "ए आई म्हणायचं काय अडलं होतं तुझं?"

"आणि तुमचं न म्हणायचं काय अडलं होतं?"

दोघी थोडा वेळ भांडल्या. चांगल्या भांडल्या, अगदी मागे कधी तरी घेतलेल्या एका साडीचा विषयसुद्धा निघाला. फोन ठेवताना धाकटी म्हणाली, "परवा करू का पुन्हा? सकाळीच, आईच्या आधी."

"कर," थोरली म्हणाली. "उद्या नको, उद्या मी माप घ्यायला बाहेर आहे."

सासूबाईंचा अबोला सुटला तो त्याच आठवड्यात, कसलाही समारंभ न होता. फोन वाजला. थोरली सवयीने उठली, पण मग परत बसली आणि रिसीव्हर उचलला.

"ऐकू येतंय का?" पलीकडून सासूबाई. भिंतीतूनही आवाज येत होता आणि फोनमधूनही.

"येतंय."

"मलाही येतंय. म्हणून विचारलं." मग त्या म्हणाल्या, "मी तुला माफ केलेलं नाही, बरं का. ते इतक्यात जमणार नाही."

"बरं."

"त्या डॉक्टरचं तुला अर्धवटच ऐकू आलं असेल. भिंतीतून. काम असेल तर राहू दे."

"काम नाही," थोरली म्हणाली. समोर कुणाचे तरी बैठकीच्या खोलीचे पडदे अर्धवट शिवून पडले होते. तिने ते बाजूला सारले. "ऐकते. ए…" म्हणायला गेली, पण जीभ वळेना. "अहो आई, सांगा."

सासूबाईंनी डॉक्टरचं सगळं सांगितलं. थोरलीला ते भिंतीतून वाटलं होतं तितकं काही हसण्यासारखं वाटलं नाही. तरी ती हसली.

पुढे असं झालं की धाकटीचे फोन थोरलीलाही यायला लागले. आठवड्यातून एखाददुसरा, सकाळचा. कापडाचे भाव, दिराची बोट कुठवर आली, शेजारीण कशी वागते, असलंच बोलणं. भांडणं व्हायचीच. थोरलीला धाकटी अजूनही थोडी आगाऊच वाटायची आणि दुपारी आतून हसण्याचा आवाज आला की टाका हमखास चुकायचा. हेवा हा काही स्विच नव्हे.

एका सकाळी ठरलेल्या वेळी धाकटीचा फोन आला नाही. थोरलीने वाट पाहिली, मशीन बंद ठेवून. मग न राहवून स्वतःच तिचे दोन आकडे दाबले. तिकडून टूं टूं टूं, फोन बिझी. भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "काय सांगतेस चिमणे!"

आज सकाळचा फोन तिचा होता. सकाळचा तिचा, दुपारचा आईंचा, असं ठरलेलं होतं. थोरलीने रिसीव्हर जरा आपटलाच. पुन्हा उचलला, पुन्हा तेच आकडे दाबले, पुन्हा बिझी. तिच्या तळपायापासून काहीतरी वर चढायला लागलं, ते चांगलं ओळखीचं होतं. पण या खेपेला ते धाकटीवर होतं की सासूबाईंवर, हे काही तिला ठरवता येईना.